द्राक्षाच्या गावाचा शेतीइतिहास लिहायचा, तर आधी विहिरीत डोकवा

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. माहेर निफाडकडचं, सासर कादवा नदीच्या काठचं, आणि दोन्हीकडे द्राक्षबागा. निवृत्तीनंतर दरवर्षी चार-पाच मुलंमुली घरी येतात. कुणाला कॉलेजचा प्रकल्प करायचा असतो, कुणाला ग्रामपंचायतीसाठी पुस्तिका लिहायची असते, तर कुणी शहरातून परत आलेलं असतं आणि आपलं गाव नीट समजून घ्यायचं असतं. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "बाई, गावाचा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून करू?"

बहुतेक जण वायनरीच्या गेटवरून सुरुवात करून आलेले असतात. तिथली माहितीपत्रकं गोळा केलेली असतात, फोटो काढलेले असतात, पहिला परिच्छेदही लिहून झालेला असतो. मी त्यांना ते सगळं बाजूला ठेवायला सांगते. वाइन आमच्याकडे आली ती अगदी अलीकडे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. ती ज्या जमिनीवर उभी राहिली, त्या जमिनीला त्याआधी काय किंमत होती आणि ती किंमत कशामुळे बदलली, हे कळलं की गाव कळतं. माझ्या अनुभवाने त्याचं उत्तर पाण्यात सापडतं. म्हणून मी सुचवते ती पद्धत पाण्यापासून सुरू होते. ती दिंडोरीसाठी बेतलेली आहे, पण निफाड, चांदवड किंवा नाशिक तालुक्यातल्या गावालाही चालेल.

आधी वेळ ठरवा. एका सुट्टीत हे होत नाही, पूर्ण वर्ष धरा. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात, तेव्हा विहिरी बघायच्या. पावसाळ्यात बाहेर फिरणं होत नाही, तेव्हा कागदपत्रं. ऑक्टोबरात छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी बघायची. मधल्या दिवसांत माणसांशी बोलायचं.

पहिलं काम घरात बसून करायचं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. दिंडोरीचा भाग जुन्या क्रमांकांनुसार ४६ एच या पत्रकांत येतो. त्यावर पातळ कागद ठेवून फक्त नद्या आणि डोंगर गिरवा. रस्ते नकोत, गावांची नावं नकोत. गिरवून झालं की तालुक्याचा सांगाडा दिसतो. पश्चिमेला सह्याद्री. उत्तरेला सातमाळ्याची रांग, त्यात अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या. दक्षिणेकडे एकटा उभा रामशेज. पश्चिमेच्या डोंगरातून उतरणारी कादवा, तिला मिळणाऱ्या कोळवण आणि उनंदा. आग्नेयेला वाहत जाऊन कादवा नांदूर मध्यमेश्वराजवळ गोदावरीला मिळते. तिथलं पाणथळ क्षेत्र २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

आता त्याच कागदावर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक आडवी रेघ मारा आणि पावसाचा विचार करा. घाटमाथ्यावर इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तोच ढग पूर्वेला निफाड-येवल्याकडे पोचेपर्यंत पाचशे-सहाशेवर आलेला असतो. हे अंतर एसटीने काही तासांचं आहे. जुनी माणसं पश्चिमेकडच्या डोंगराळ भागाला डांग म्हणत आणि पूर्वेकडच्या सपाटीला देश. डांगात नागली, वरई, भात. देशावर बाजरी, गहू, हरभरा. दिंडोरी या दोहोंच्या शिवेवर बसली आहे. गावापासून पश्चिमेला दोन तास चालत गेलात तर नागलीची उतरणीची वावरं लागतात, पूर्वेला तेवढंच गेलात तर द्राक्षांचे मांडव. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकदा तरी हे दोन्ही बाजूंचं चालणं करायला लावत असे, कारण नकाशावर वाचलेली समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस पडणाऱ्या जागा जोडणारी रेषा, पायाला कळल्याशिवाय लक्षात राहत नाही.

उंचीही लिहून ठेवा. हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन तापतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या लाटेत राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच आपण. दिवस-रात्रीच्या या फरकाने द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनवाल्यांना हेच हवं असतं. टेबल द्राक्षवाल्याला, म्हणजे खायची द्राक्षं पिकवणाऱ्याला, मात्र याच थंडीची धास्ती. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, आणि मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक चालू होतं.

आता मे महिना. विहिरीकडे चला.

गावातल्या किमान दहा विहिरी निवडा. नदीकाठच्या तीन, मधल्या उतारावरच्या तीन, माळावरच्या चार. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या विहिरीवर जायचं नाही, आणि काठावर ओणवं होऊन बघायचं नाही. कठडा नसेल तर पोटावर झोपून बघायचं, सोबत माणूस हवाच. सकाळी साडेदहा ते दुपारी एक या वेळात ऊन आतल्या भिंतीवर पडतं, तेव्हाच सगळं दिसतं.

काय बघायचं ते मी आमच्याच विहिरीवरून सांगते. वरची साधारण पाच फूट माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम. मग सुरू होतो मांजऱ्या खडक, म्हणजे बारीक पोकळ्यांचा, ठिसूळ, राखाडी-तांबूस. त्या पोकळ्यांत पांढरे चमकणारे दाणे भरलेले असतात. पावसाचं पाणी याच खडकात मुरतं, आणि विहिरीतले पाझर इथूनच लागतात. मग हातभर जाडीचा लालभडक थर, गेरूसारखा. त्याच्याखाली काळा पाषाण, घट्ट, ज्यावर पहार मारली तर हात झिणझिणतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर इथे पसरले. एक थर थंड होऊन त्यावर माती बनायला वेळ मिळाला आणि मग पुढचा तापलेला थर त्या मातीवर आला, तर मधली माती भाजून लाल होते. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधली विश्रांती. मुलं पुस्तकात दख्खनचे पठार पाठ करतात, आणि ते त्यांच्या घरामागे चाळीस फूट खोल उघडं पडलेलं असतं.

खडक झाला, आता माणसाच्या खुणा. आमच्या विहिरीच्या पूर्वेच्या काठाला दगडी थारोळं अजून शाबूत आहे. मोटेचं पाणी जिथे पडायचं, तो दगड हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो. त्याच्या मागे बैलांची धाव होती, तिचा उतार आता गवताने भरलाय, पण पावसाळ्यात पाणी तिच्याच वाटेने वाहतं. वरचे पंचवीस फूट घडीव दगडाचं बांधकाम. त्याच्याखाली दहा-बारा फूट खडकावर पहारीचे ओरखडे, म्हणजे हाताने फोडलेलं. त्याखाली सुरुंगाच्या अर्धगोल नळ्या भिंतीत उभ्या दिसतात, तो यांत्रिक जमाना. आणि अगदी तळाशी, चारी बाजूंनी आडवे बोअर मारलेले.

प्रत्येक टप्प्याला मालकाला एकच प्रश्न विचारा: विहीर इथवर होती तेव्हा वावरात काय होतं? माझे सासरे, नाना, काठावर बसून काठीने दाखवत. बांधकामापर्यंत विहीर होती तेव्हा मोट दिवसभर चालवून एकरभर गहू आणि घरापुरता भाजीपाला, बाकी सगळी बाजरी. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली म्हणून हाताने खोल केली. वीज आली, पंप बसला, मग कांदा आणि ऊस. सुरुंग लावले ते द्राक्षासाठी. आडवे बोअर मारले ते द्राक्ष वाचवण्यासाठी. हा शेवटचा फरक नानांनी मुद्दाम करून सांगितला होता. तो मी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवला.

दहा विहिरींच्या अशा दहा उभ्या आकृत्या काढा, खोली फुटांत लिहा आणि शेजारी पीक लिहा. या दहा आकृत्या शेजारी शेजारी मांडल्यावर गावाच्या शेतीचं अर्धं चरित्र तुमच्या हातात येतं.

मग पावसाळ्यात कागद. तलाठी कार्यालय, तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेखचं तालुक्याचं कार्यालय, या तीन ठिकाणी चकरा होतील. आजचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतो. जुने हवे असतील तर अर्ज करून, फी भरून नक्कल घ्यावी लागते. अख्ख्या गावाचे मागू नका. तुमच्या दहा विहिरी ज्या गटांत आहेत तेवढेच गट घ्या, आणि त्या गटांचे जुने सर्व्हे नंबर कुठले होते ते शोधा. जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हा कायदा १९४७ चा, पण प्रत्यक्ष योजना गावागावात वेगवेगळ्या वर्षी राबवली गेली. हा दुवा चुकला तर तुम्ही भलत्याच शेताचा इतिहास लिहाल. माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच झालं, तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

कागदावर चार गोष्टी शोधायच्या.

गाव नमुना बारामधल्या पिकांच्या नोंदी वर्षवार उतरवून घ्या. बाजरी, गहू, हरभरा, कुळीथ यांच्या रांगेत ज्या वर्षी पहिल्यांदा "द्राक्ष" हा शब्द दिसेल, त्या वर्षाभोवती गोल करा. जुन्या नोंदींत बागायताचे दोन प्रकार दिसतात, मोटस्थळ आणि पाटस्थळ. विहिरीवरचं ते मोटस्थळ, पाटाच्या किंवा बंधाऱ्याच्या पाण्यावरचं ते पाटस्थळ. फेरफार नोंदींत आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज बघा. विहिरीसाठी, इंजिनासाठी, पाइपलाइनसाठी घेतलेलं कर्ज वर्षासकट लिहिलेलं असतं, आणि ते तोंडी माहितीशी ताडून बघता येतं. फार जुनी पानं मोडीत असतील, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस गाठा. नाशकात आणि पुण्यात असे लोक आहेत, आणि ते आनंदाने मदत करतात.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. सातबारावर क्षेत्राखाली "आकार" लिहिलेला असतो, रुपये-पैशांत. आपण तो कधी वाचतही नाही इतका तो किरकोळ असतो. पण हा आकार इंग्रजांच्या काळातल्या मोजणीतून आलेला आहे. त्या वेळी प्रत्येक शेताच्या मातीची प्रतवारी आण्यांत करत. सोळा आणे म्हणजे उत्तम काळी, आणि मग खोली, चुनखड, खडे, उतार बघून आणे कमी करत जायचे. त्यावरून सारा ठरायचा. म्हणजे आजच्या सातबाऱ्यावरचा आकार तुम्हाला सांगतो की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या जमिनीला लोक काय समजत होते. हेक्टरी आकार काढा (हेक्टर म्हणजे शंभर आर, एकर म्हणजे चाळीस गुंठे, हिशेब जपून करा) आणि नकाशावर गटागटाला रंग द्या. जास्त आकार गडद, कमी आकार फिका.

आमच्या गावाचा असा नकाशा मी रंगवला, तेव्हा कितीतरी वेळ बघत बसले होते. गडद रंग नदीकाठाला, जिथे आज ऊस आणि कांदा. आणि सगळ्यांत फिका रंग उतारावरच्या बरड माळाला, जिथे पूर्वी कुळीथ टाकायचा आणि गुरं सोडायची. आज गावातल्या सर्वोत्तम द्राक्षबागा नेमक्या त्या फिक्या पट्ट्यात आहेत. मुरमाड जमीन, निचरा चांगला, मुळाशी पाणी साचत नाही, वेलीला हवं ते सगळं तिथे आहे. नव्हतं ते फक्त पाणी. भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा नदीकाठची काळी थोरल्याने घेतली आणि माळ धाकट्याच्या गळ्यात पडला, अशी घरं आमच्याकडे कितीतरी आहेत. पुढे माळाला पाणी आलं आणि धाकट्याचं घर वर आलं. गावातल्या नात्यांचे काही अबोले इथून सुरू झालेले असतात. ते लिहू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या.

माळाला पाणी आलं कसं, हा पुढचा शोध. कादवेवर करंजवण आणि खाली पालखेड, कोळवणवर वाघाड, उनंदेवर ओझरखेड. ही धरणं आणि त्यांचे कालवे नकाशावर वेगळ्या रंगात काढा. मग प्रत्येक विहिरीपुढे एक शब्द लिहा: पाटाच्या "वर" की "खाली". पाटाखालच्या विहिरींना पाझराचं पाणी मिळतं, पाटावरच्यांना नाही. पाटावरच्या लोकांनी मग धरणातून किंवा नदीतून उपसा केला, मैलोन्‌मैल पाइपलाइन टाकली, तीही चार-सहा घरांनी मिळून. या पाइपलाइनीच्या भागीदाऱ्या नोंदवा: कोण कोण होते, पाण्याची पाळी कशी ठरायची, वीज रात्री यायची तेव्हा मोटर चालू करायला कोण जायचं. लिखित करार क्वचितच सापडेल, पण प्रत्येकाला आपली पाळी तोंडपाठ असते.

वाघाडच्या कालव्याची गोष्ट तर आवर्जून समजून घ्या, ती देशभर अभ्यासली जाते. कालव्याच्या शेपटाला ओझरकडचे शेतकरी, त्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं. नव्वदच्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये यांच्या मार्गदर्शनाखाली, तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने पाणी मोजून घ्यायचं, आपसात वाटायचं, पट्टी वसूल करायची. हळूहळू सगळा कालवा अशा संस्थांकडे आला. पुढे २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. तुमचं गाव या किंवा दुसऱ्या कुठल्या कालव्यावर असेल, तर संस्थेचं इतिवृत्त आणि पाणीपट्टीची वही बघायला मागा. कुठल्या वर्षी किती पाळ्या मिळाल्या, हे तिथे कळतं.

आता बाग. बागेचं वय ओळखायला शिका.

सर्वांत जुनी पद्धत पांगाऱ्याची. वेलीला आधार म्हणून पांगाऱ्याचा खुंट लावायचा, तो जिवंत राहायचा, आणि प्रत्येक वेल आपापल्या पांगाऱ्यावर चढायची. तशी बाग आता तुम्हाला दिसणार नाही, पण बांधावर एखादा म्हातारा पांगारा लाल फुलांनी बहरलेला दिसला तर त्याच्या मालकाला विचारा. तो आपोआप उगवलेला असेल किंवा पणजोबांच्या बागेचा उरलेला असेल. त्या काळची जात भोकरी, शिवाय फकडी आणि साहेबी. मग दगडी खांब आणि लोखंडी अँगलचे मांडव आले. आता बऱ्याच ठिकाणी वाय आकाराचे अँगल दिसतात. खोडही बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर गाठ दिसली, खाली एक जाडी आणि वर दुसरी, तर ते डॉगरिजसारख्या खुंटावरचं कलम. हे खुंट साधारण नव्वदच्या दशकानंतर पसरले, पाणी कमी आणि खारट झालं तेव्हा. सरळ सोट, बिनगाठीचं खोड असेल तर बाग स्वतःच्या मुळावर उभी आहे, आणि बहुधा जुनी आहे.

ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची बाग लावली, तिथून नाशिकच्या आधुनिक द्राक्षशेतीची सुरुवात सांगतात. तुमच्या गावात पहिली बाग कुणाची, हे विचारलंत तर तीन घरं आपलं नाव सांगतील. तिन्ही लिहून घ्या आणि सातबाऱ्याशी ताडा.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, द्राक्षाची जात विचारा. "थॉमसन लावली तेव्हा तुमचा धाकटा किती वर्षांचा होता?" असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. जातींचा क्रम साधारण असा धरा: भोकरी, मग चिमा साहेबी आणि हैदराबादकडून आलेली अनाबेशाही, मग बिनबियांची थॉमसन, आणि तिच्यातूनच निवडलेल्या तास-ए-गणेश आणि सोनाका. तास-ए-गणेश सांगलीच्या तासगावकडची, सोनाका सोलापूरच्या नान्नजची, आणि दोन्ही शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत वेगळी काडी ओळखून वाढवलेल्या. हे पुस्तिकेत जरूर लिहा. 

अलीकडच्या वर्षांसाठी संकटांचा आधार घ्या, ती कुणी विसरत नाही. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाचा पाऊस. २०१० साली युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे अडकलेली निर्यात, जिच्यानंतर औषधांची वही ठेवणं प्रत्येक निर्यातदार बागायतदाराच्या अंगवळणी पडलं. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट. ऑक्टोबर २०१९ चा न थांबलेला पाऊस, घड फुलोऱ्यात असताना. "गारपिटीच्या आदल्या वर्षी" असं कुणी म्हणालं की तुम्हाला साल मिळालं.

दोन छाटण्या प्रत्यक्ष बघितल्याशिवाय लिहू नका. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून माणूस तिचं वर्ष दोनदा सुरू करतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. गोडी छाटणीनंतर काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात, मग फूट, विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, आणि घडाला कागद बांधणं. हे काम करणारे हात बहुतेक पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवरून येतात. टोळीने येतात, एकरावर काम घेतात. गावाच्या पुस्तिकांत त्यांचा उल्लेख एका ओळीत संपवलेला मी वाचलाय, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. नागलीच्या डोंगरातला पाऊस धरणात येतो आणि नागलीच्या डोंगरातली माणसं बागेत येतात, तेव्हा कुठे देशावरची द्राक्षं पिकतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बायकांजवळ जाऊन बसा, आपला डबा सोबत न्या. त्यांच्या गावाला पाणी कुठून येतं, हे विचारा. त्यांची विहीरही तुमच्या आकृत्यांत एक असू द्या.

शेवटी वाइन. तिची पानं पुस्तिकेत हवीतच, पण ती या सगळ्यानंतर. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनी सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षजातींची लागवड केली, २००० साली त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन आली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झालं. २०१० साली "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. हे टप्पे पक्के आहेत, ते लिहा.

वाइनची बाग दुरूनही ओळखू येते. तारांवर उभी, कमरे-छातीएवढी, भिंतीसारखी. मांडव नाही, घडाला कागद नाही. मणी लहान, जाड सालीचे, बियांचे, एकमेकांना चिकटलेले. टेबल द्राक्षाचा मणी मोठा व्हावा म्हणून जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात, इथे मणी लहानच हवा असतो, कारण रंग आणि चव सालीत असते. काढणीला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन माणूस फिरतो, रसाचा एक थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावतो आणि साखरेचा आकडा सांगतो. तुम्हीही बघून घ्या, मालक नाही म्हणत नाही.

पण भरभराटीबरोबर पडझडही लिहा. माझ्या दिरांनी करार करून दोन एकर शिराझ, ही वाइनची जात, लावली होती. २००८ च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर वाइनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या. ज्यांच्याशी करार होता त्यांनी त्या हंगामात माल उचललाच नाही. वाइनची द्राक्षं बाजारात कोण घेणार? खायला बिया, जाड साल. घड वेलीवरच वाळले. पुढच्या एप्रिलमध्ये भाऊजींनी खरड छाटणीऐवजी कुऱ्हाड घेतली, जाऊबाई बांधावर उभ्या होत्या. त्या वर्षांत अनेकांनी वाइनच्या बागा काढल्या. तुमच्या गावात त्या गटांची यादी करा, लागवडीचं आणि तोडणीचं साल सातबाऱ्यावर मिळेल, आणि आज तिथे काय आहे ते लिहा. आमच्या त्या दोन एकरांत आता टोमॅटो आहे. तारांचे खांब तसेच कामाला आले.

लिहायला बसाल तेव्हा गावाचा सगळा इतिहास एकदम लिहू नका. डोंगरापासून नदीपर्यंत एक सरळ रेघ मारा, तिच्यावर येणारे पाच-सहा गट घ्या आणि एकेका गटाची गोष्ट लिहा: खाली खडक, वर माती, जुना आकार, विहिरीची खोली, पाटाच्या वर की खाली, पिकांचा क्रम, आणि तिथे राबलेली माणसं. ज्यांची नावं छापणार त्यांची परवानगी घ्या. कर्जाचे आकडे आणि वाटणीचे वाद छापू नका.

आणि छापण्याआधी गावात वाचून दाखवा. मारुतीच्या पारावर, संध्याकाळी, नकाशा भिंतीला लावून. मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलाने असं वाचन ठेवलं होतं. सगळे माना डोलावत होते. मागे बसलेली ऐंशीच्या घरातली एक आजी उठली, नकाशापाशी गेली आणि माळावरच्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं आड होता. माझी सासू इथून डोक्यावर पाणी आणायची." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. कुणाच्या तरी बागेच्या कोपऱ्यात, वेलींच्या शेवटच्या ओळीपलीकडे, घाणेरीच्या जाळीत दगडांचा एक वर्तुळाकार कठडा होता. मुलाने टेप काढला आणि व्यास मोजला, सात फूट. अकरावी आकृती काढायला त्याने तिथेच वही उघडली.